दवंडी खोटं बोलत नाही

"तुझं वजन नऊ आहे, केतकी," पराग सबनीस म्हणाला. "नऊ! आपल्या रिसेप्शनवर बसते ना, तिचं सतरा आहे."

केतकी इंगवलेने त्याच्या टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं. टीममधल्या बावीस जणांची नावं एकाखाली एक होती. वीस हिरवी. तळाशी दोन तांबडी: तिचं, आणि तिच्याही खाली अन्वर मुजावरचं. त्याचं वजन सहा.

"सोनघळ धरणाचे दरवाजे ज्या प्रणालीवर चालतात, तिचा अर्धा कोड माझा आहे," ती म्हणाली. "उरलेला अन्वरचा."

"हे कुणाला माहीत आहे?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय लोणचं घालू त्याचं?" पराग तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता, आणि त्याचं वजन अठ्ठ्याऐंशी होतं. "सात धरणांचं कंत्राट निघतंय. निविदेत स्वच्छ लिहिलंय, टीममधल्या कुणाचंही वजन साठाच्या खाली चालणार नाही. तुम्हा दोघांपायी मी सात धरणं घालवू? दवंडी घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा. दिवाळीपर्यंत वेळ आहे."

२०३७ साल होतं. कोड लिहिण्याचं बहुतेक काम यंत्रं करू लागल्याला आठ-नऊ वर्षं उलटली होती. माणसं उरली होती ती यंत्राने लिहिलेलं तपासायला, आणि काही बिघडलं तर जबाबदारी घ्यायला. पण चांगला तपासनीस ओळखायचा कसा? मुलाखतीला अर्थ राहिला नव्हता, कारण उत्तरं कानातलं यंत्र देई. तेव्हा बाजाराने आपली वाट काढली. धंद्यातली किती माणसं तुम्हाला ओळखतात, तुमचं म्हणणं किती जण पुढे पाठवतात, तुमच्या शब्दावर किती जण विसंबतात, याची रोज मोजणी होऊन शून्य ते शंभरमधला एक आकडा निघे. त्याला सगळे 'वजन' म्हणत. वजन असलेल्याला काम मिळे. नसलेला कितीही हुशार असो, त्याला कुणी दारात उभं करत नसे.

आणि वजन वाढवायला दवंडी होती. पूर्वी लोक आपला ढोल आपणच पिटत, सुट्टीचे दिवस घालवून लेख लिहीत, फोटो टाकत, स्वतःची तारीफ करताना थोडे लाजतही. दवंडीने ते कष्टही संपवले आणि ती लाजही. अंगठा टेकवून संमती दिली की ती तुमचं सगळं वाचून काढी. पत्रं, बैठकांची ध्वनिमुद्रणं, कुठल्या दिवशी कुठली ओळ कुणाच्या नावावर भरली गेली त्याच्या नोंदी, सगळं. तुमचा चेहरा, आवाज, बोलण्याची लकब ती उचले. पण तिची खरी करामत वेगळीच होती. तिच्या पोटात दहा हजार बनावट वाचक होते. खऱ्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या वाचनावरून ते घडवलेले होते: कोण कुठे थांबतो, कशाने चिडतो, काय वाचून दुसऱ्याला पाठवतो. दवंडी एकेका वाक्याची चाळीस रूपं करून आधी या दहा हजारांना दाखवी, आणि ज्या रूपाने वजन सर्वांत जास्त वाढेल तेवढंच बाहेर सोडी. हे सगळं पापणी लवायच्या आत.

खोटं बोलायची मात्र तिला बंदी होती. सुरुवातीच्या काळात बरेच घोटाळे झाले, मग कायदा आला. दवंडीच्या प्रत्येक विधानामागे नोंद हवी. नोंद नसेल ते वाक्य आपोआप गळून पडे. त्यामुळे लोकांचा माणसांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा बसला होता. दवंडी खोटं बोलत नाही, असं लोक शपथेवर सांगितल्यासारखं सांगत.

दुपारी कँटीनमध्ये केतकीने अन्वरला परागचं बोलणं सांगितलं, तेही दबक्या आवाजात. कँटीनमध्ये हल्ली कुणी बोलतच नसे. प्रत्येकाच्या फोनमधली दवंडी मजकुराच्या शोधात कान टवकारून बसलेली असे. शेजारच्याने सहज म्हटलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी हजारो लोकांपुढे उभं राही. लोक माना खाली घालून जेवत आणि उठून जात.

"मी नाही घेणार," अन्वर म्हणाला.

अन्वर मिरजेचा. अकरा वर्षं दोघं शेजारशेजारी बसत होते. दोघांची कामाची एक पद्धत पडून गेली होती: एकाने कीबोर्डवर बसायचं, दुसऱ्याने बाजूला बसून सांगायचं, मग अदलाबदल. इतक्या वर्षांत कुणी काय सांगितलं आणि कुणी काय टाईप केलं, याचा हिशेब दोघांनीही ठेवला नव्हता.

"माझ्या अब्बांनी आयुष्यभर सतारी बनवल्या," तो म्हणाला. "एकीवरही नाव कोरलं नाही. वाजवणाऱ्याला कळायचं कुणाची आहे ते."

"तुझ्या अब्बांच्या डोक्यावर पराग सबनीस नव्हता."

"तू घे. मी तुला नाही म्हणत नाही. पण सोनघळच्या पुराच्या फायली तिला वाचू देऊ नकोस."

"तसं करता येत नाही. सगळं, नाहीतर काहीच नाही."

अन्वरने हातातला घास खाली ठेवला. "मग नीट विचार कर."

सहा वर्षांपूर्वी, ऑगस्टात, सोनघळ धरणाचा चौथा दरवाजा चाळीस मिनिटं उशिरा उघडला होता. धरणातल्या पाण्याची पातळी मोजायला तीन उपकरणं आहेत. त्यांचे आकडे जुळले नाहीत, तर प्रणाली जरा थांबून पुन्हा मोजते. किती थांबायचं, तो आकडा केतकी आणि अन्वरने एका दुपारी एकत्र बसून भरला होता. कीबोर्ड अन्वरच्या पुढ्यात होता. "चाळीस टाक," केतकी म्हणाली. तिच्या मनात सेकंद होते. रकाना मिनिटांचा होता. "नक्की?" अन्वरने विचारलं. ती म्हणाली, "टाक रे, मी बघितलंय."

तिने बघितलं नव्हतं. दरवाजा वेळेवर उघडला नाही, मग सगळेच दरवाजे एकदम उघडावे लागले, आणि लोंढा खालच्या कोळेवस्तीत घुसला. दोन माणसं वाहून गेली. तीन दिवसांनी ती चूक केतकीनेच शोधली आणि दुरुस्तही केली. कंपनीच्या चौकशीत अन्वर म्हणाला, "ती ओळ मी भरली." एवढं म्हणून तो क्षणभर थांबला. केतकी टेबलाकडे बघत राहिली. शेवटी अहवालात 'टीमची चूक' एवढंच आलं. अन्वरने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्याबद्दल केतकी त्याची उपकृत होती, आणि नेमक्या त्याच कारणाने कधीकधी तिला तो समोर नकोसा होई.

त्याच आठवड्यात तिने संमतीवर अंगठा टेकवला.

पंधरा दिवसांत तिचं वजन तीसच्या पुढे गेलं. दवंडीने तिच्या तोंडून धरणं, उपकरणं, मोजमापं अशी काही रंगवून सांगितली की केतकीला स्वतःलाच ऐकावंसं वाटलं. मग दवंडीच्या ध्यानात आलं की भांडणाला वाचक जास्त. ती सहकाऱ्यांच्या चुका वेचून काढू लागली, एकूण एक खऱ्या, नोंदीसकट. सहकाऱ्यांच्या दवंड्या उलटून केतकीच्या चुका काढू लागल्या. सकाळी जगासमोर एकमेकांची कातडी सोललेली माणसं दहा वाजता शेजारच्या खुर्च्यांवर येऊन बसत आणि दिवसभर एकमेकांशी बोलत नसत.

"ही बाई मला आवडते," एकदा तिचा नवरा मंदार फोन बघत म्हणाला. तो एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा.

"कोण?"

"ही. तूच. काय रोखठोक बोलते! ही घरी का येत नाही?"

"तिला स्वयंपाक येत नाही."

"तुला तरी कुठे येतो?" मंदार म्हणाला. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

एक्कावन्नवर वजन अडलं. दिवाळीला दोन आठवडे उरले होते. आणि एका गुरुवारी चहा पिताना केतकीने फोन उघडला, तर वजन त्र्याहत्तर होतं. खाली मजकूर होता, वर तिचा फोटो.

'सोनघळचा दरवाजा चाळीस मिनिटं बंद राहिला. दोन जीव गेले. ज्या एका ओळीमुळे हे घडलं, ती अन्वर मुजावर यांनी भरली होती. ती चूक मी शोधली. ती मी दुरुस्त केली. सहा वर्षं कंपनीच्या अहवालात हे नाव नव्हतं. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ते कळायला नको का?'

प्रत्येक वाक्यापुढे नोंदीचा क्रमांक. चार लाख लोकांनी ते वाचलं होतं.

'मागे घ्या' असं बटण होतं. त्याखाली बारीक अक्षरांत दवंडीचा अंदाज: मागे घेतल्यास वजन एकतीस. केतकीने बटणावर अंगठा नेला. वाचणाऱ्यांनी वाचलंच आहे, आता काढून काय होणार, असं तिने स्वतःला समजावलं. यंत्राने तिला अडवलं नव्हतं. बटण तिथेच होतं, चालू होतं. तिने फोन पालथा ठेवला आणि चहा संपवला.

दहा वाजता अन्वर तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"काढ ते."

"मी लिहिलेलं नाही."

"नाव तुझं, फोटो तुझा, आवाज तुझा. काढ."

"त्यातला एक तरी शब्द खोटा आहे का?" ती बोलून गेली.

अन्वर हुबेहूब तिच्या सुरात म्हणाला, "टाक रे, मी बघितलंय." आणि पुढे, "हे कुठे आहे त्यात?"

"त्याची नोंद नाही."

"नोंद तू आहेस! नोंद मी आहे! त्या खोलीत आपण दोघं होतो, केतकी."

"ओरडू नकोस. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की. सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही, ते तुला वाटलं असेल, याचं काहीतरी अडलंय म्हणून. नीच आहेस तू."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस!" आता तिचाही आवाज चढला. "हुतात्मा व्हायला सांगितलं होतं कुणी तुला? सहा वर्षं रोज तुझं ते मोठेपण माझ्यासमोर मांडून बसायचास. मी मागितलं होतं?"

भोवतालची माणसं पडद्यांकडे बघत बसली होती. कुणीही मान वर केली नाही. सात धरणांवर प्रत्येकाची नोकरी अवलंबून होती, म्हणून एकेकाने आपला फोन बंद करून ठेवला होता. अन्वर आपल्या जागी गेला, डबा पिशवीत घातला. बारा वाजायच्या आत पराग सबनीसने त्याचं कार्ड काढून घेतलं.

संध्याकाळी अन्वरने त्या दुपारची हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहून टाकली. त्याचं वजन सहा. अडतीस जणांनी ती वाचली. चार मिनिटांत केतकीच्या दवंडीने उत्तर दिलं: 'श्री. मुजावर यांच्या म्हणण्याला कोणतीही नोंद आधार देत नाही.' हेही खरंच होतं. ते सहा लाखांनी वाचलं.

कंपनीला सातही धरणं मिळाली.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी केतकीच्या दाराची बेल वाजली. बाहेर नसीम उभी होती, अन्वरची बायको. ती मिरजेहून एसटीने आली होती. या घरात ती पूर्वी कितीदा तरी जेवली होती, मुक्कामाला राहिली होती. केतकीने खुर्ची पुढे केली. नसीम उभीच राहिली.

"ताई म्हणायची मी तुम्हाला," ती म्हणाली, आणि तिने फोनवरचं एक मुद्रण लावलं.

फाटलेल्या आवाजात एक माणूस बोलत होता. आईवरून, बायकोवरून, धर्मावरून. मधेच त्याला रडू फुटत होतं आणि तो पुन्हा शिव्यांवर येत होता. "माझी आई व्हाऊन गेली, मुजावर, तुजं काय गेलं रं?"

"रोज सकाळी सात वाजता हा फोन येतो," नसीम म्हणाली. "आमच्या दारापुढे टायर जाळून झाले. दोन ठिकाणी काम ठरलं, नाव ऐकून मोडलं. मी म्हणते, नंबर बंद करा. ते करत नाहीत. उचलतात, आणि शेवटपर्यंत ऐकतात. मी विचारलं, का ऐकता? तर म्हणाले, बोट माझं होतं ना."

मंदार मधे पडला. "वहिनी, हे बघा, कायद्याच्या दृष्टीने..."

"मी तुमच्याशी बोलत नाही." नसीमने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, मला तुमची माफी नको. त्या खोलीत काय झालं तेवढं लिहा. घाण तुमची आहे. माझ्या घरातून उचला."

ती पाणीही न घेता गेली.

त्या दिवशी केतकीने जेवण केलं नाही. दार लावून घेऊन तिने सगळं लिहिलं. आकडा मी सांगितला. त्याने विचारलं, नक्की? मी न बघता म्हणाले, बघितलंय. चौकशीत तो माझ्यासाठी थांबला आणि मी बोलले नाही. दोन पानं झाली. तिने ती पाठवून दिली. तिच्या नावाने जे काही जगात जाईल ते दवंडीमार्फतच जाईल, हे कलम तिनेच अंगठा टेकवून मान्य केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवंडीने तिची कबुली तिच्याच चेहऱ्याने सांगितली. डोळ्यांत किंचित पाणी. 'मी सहा वर्षं गप्प राहिले. एक चूक मला ठाऊक होती आणि मी बोलले नाही. मला भीती वाटत होती. आज मी ते जगासमोर कबूल करते आहे, कारण गप्प राहणं हीसुद्धा चूकच असते.' एवढंच. आकडा सांगितल्याचं वाक्य नव्हतं. 'टाक रे' नव्हतं. तिच्या मूळ मजकुरात त्या ओळींवर करड्या रंगाची पट्टी होती, बाजूला शेरा: 'नोंद नाही. वगळलं.' त्या खोलीतलं बोलणं कुणी मुद्रित केलेलं नव्हतं, आणि खोट्याला बंदी करणाऱ्या कायद्याने तिचं एकमेव खरं वाक्य गाळून टाकलं होतं.

वजन चौऱ्याण्णव.

परागचा फोन आला. "काय बाजी मारलीस! लोक रडतायत बघून. हैदराबादला परिषद आहे, विषय 'चुकीची कबुली'. मुख्य भाषण तुझं."

"पराग, चूक माझी होती. तो आकडा मी सांगितला. मी तसं लिहिलं होतं."

"आलंय कुठे?"

"वगळलं तिने."

"मग मिटलं." त्याचा सूर बदलला. "नीट ऐक. ते वाक्य बाहेर आलं तर तुझा तपासनीसाचा परवाना जाईल, दोन मृत्यूंचा खटला उभा राहील आणि माझी सात धरणं जातील. दवंडीने वाचवलंय तुला. मशीनला अक्कल आहे, तुला नाही. आता तोंड बंद ठेव आणि हैदराबादचं तिकीट काढ."

ती हैदराबादला गेली नाही. पण लगेच दुसरं काही केलं, असंही नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सकाळी सात वाजता तिला जाग येई आणि आत्ता तो फोन वाजत असेल, एवढंच डोक्यात येई. कुठे जाऊन सांगायचं? दवंडी गाळून टाकणार. दवंडी बंद करून लिहिलं तर अन्वरचं वाचलं तसं अडतीस जण वाचणार.

वाट दवंडीनेच काढून दिली, अर्थात नकळत. एवढा गाजावाजा झाल्यावर सरकारला गप्प बसता येईना. सोनघळच्या पुराची फेरचौकशी जाहीर झाली. साताऱ्यात आयोग बसला, आणि चूक उजेडात आणणारी साक्षीदार म्हणून केतकीला सन्मानाने बोलावणं आलं. आयोगासमोर यंत्रं आत न्यायची नव्हती. साक्ष तोंडी, शपथेवर, आणि लघुलेखक हाताने लिहून घेणार.

साक्षीच्या आदल्या दिवशी तिने दवंडी कायमची बंद केली. पडद्यावर आकडा झरझर उतरत शून्यावर आला.

"मला विचारलंस?" मंदारने विचारलं.

"नाही."

"उद्या तू जे करणार आहेस त्यात मीही बुडतो. मला विचारायला नको?"

"तू नाही म्हणाला असतास. म्हणून विचारलं नाही."

"मग मीही सांगून ठेवतो," मंदार म्हणाला. "मला ती दुसरीच आवडत होती." आणि तो दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला.

आयोगावर निवृत्त न्यायाधीश पद्मजा बर्गे होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी केतकीचं म्हणणं मधे न बोलता ऐकून घेतलं. परागने पाठवलेले वकील दोनदा उठले. दोन्ही वेळा बर्गे बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"याला पुरावा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली. "खोलीत दोघंच होतो. माझा शब्द आहे, आणि तो माझ्याच विरुद्ध आहे."

"सहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा त्याने माझ्या वाटचं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं."

"आणि मागच्या ऑक्टोबरात?"

"तेव्हा माझं वजन वाढत होतं."

लघुलेखकाने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. बर्गे बाईंनी कागद पुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. आयोगाने अन्वरचं म्हणणं मान्य केलं. ओळ भरताना त्यानेही तपासायला हवं होतं, असा ठपका त्याच्यावर राहिलाच, पण कामावर बंदी आली नाही. केतकीचा परवाना रद्द झाला आणि निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. परागची सात धरणं गेली. दोन महिन्यांत त्याने दुसरी कंपनी गाठली. त्याचं वजन आता एक्याण्णव आहे. आणि अन्वरच्या सुटकेची बातमी फारशी कुणी वाचली नाही. दवंड्यांच्या बनावट वाचकांना तिच्यात पुढे पाठवण्याजोगं काही सापडलं नसावं.

पण हे सगळं मागाहून. त्या दिवशी सही करून केतकी व्हरांड्यात आली तेव्हा पन्नाशीचा एक माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, तळव्यांना चुन्याचे डाग.

"इंगवले म्याडम? मी दत्तू कोळेकर. कोळेवस्तीचा."

आवाज तिने लगेच ओळखला. नसीमच्या फोनमधला तो आवाज होता.

"आत बसून समदं ऐकलं मी," तो म्हणाला. "चार म्हैनं मी त्या मुजावरला रोज फोन केला. काय काय बोललो त्या मानसाला. त्येनं एकदा बी फोन कट केला न्हाई."

"मला माहीत आहे."

"तुमाला म्हाईत हुतं?" तो दोन पावलं पुढे आला. केतकी मागे भिंतीला टेकली. "आन् तुमी गप्प बसला. वर ते गप्प बसल्याचं भाषन केलं. ते बघून मी तुमास्नी आभाराचं लिवलं हुतं. लई मोठ्या मनाची बाई म्हनून. तुमचं उत्तर आलं. पाठ हाय मला. 'दत्तूभाऊ, तुमच्या आईची आठवण मला रोज येते.'"

केतकीने ते उत्तर कधी पाहिलंही नव्हतं. रोज अशी हजारो जात असत. घटनेला नोंद लागे, भावनेला नोंद लागत नसे.

"ते मी लिहिलेलं नव्हतं," ती म्हणाली.

"लिवलं नसंल. पर आठवन? ती तरी येती का?"

हो म्हणता आलं असतं. पडताळून बघणारं तिथे कुणी नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

दत्तू कोळेकर आणखी एक पाऊल पुढे आला. आता हा हात उगारणार, असं तिला वाटलं, आणि उगारावा असंही. त्याने हात उगारला नाही.

"तिचं नाव काय हुतं?" त्याने विचारलं.

आयोगाच्या कागदांत 'मयत क्रमांक दोन' एवढं होतं. दवंडीच्या मजकुरात 'दोन जीव' होतं. नाव कुठेतरी असणारच, तिने ते कधी शोधलं नव्हतं. व्हरांड्यातून दोन वकील बोलत गेले. शिपायाने पुढच्या साक्षीदाराचा पुकारा केला.

"ऱ्हाऊ द्या मग," दत्तू म्हणाला. "तुमास्नी न्हाई सांगत."

तो वळला आणि व्हरांड्याच्या टोकाला गेला. तिथे बाकावर अन्वर बसला होता. साक्षीला आल्यापासून त्याने केतकीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दत्तू त्याच्यासमोर उभा राहिला, त्याने टोपी काढून हातात धरली. अन्वरने बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि तो थोडा सरकला. दत्तू बसला.

काही वेळाने अन्वरने त्याला काहीतरी विचारलं. अगदी छोटा प्रश्न असावा. दत्तूने उत्तर दिलं, आणि अन्वरने ते स्वतःशी एकदा उच्चारून पाहिलं. त्याचे ओठ हललेले केतकीला इतक्या लांबूनही दिसले. नाव ऐकू आलं नाही.